पुढच्या चाकांचा ओव्हरटाइम

गाडी पळते इंजिनाच्या जोरावर, पण वळते ती तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांवर. आईची पाठ, आप्पांचा घाट आणि एक बसलेली पोलो यांच्यामुळे कळलेली ही गोष्ट.

तुमच्या ऑफिसात असा एक जण नक्की असेल, ज्याच्यावर सगळी कामं येऊन पडतात. प्रेझेंटेशन त्यानेच करायचं, क्लायंटला फोन त्यानेच लावायचा, प्रिंटर अडकला की हाकही त्यालाच. बाकीची मंडळी मागे चहा पीत बसलेली. आणि अप्रेझलच्या वेळी बॉस विचारणार, 'काय रे, तुझा परफॉर्मन्स हल्ली घसरलाय?'

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या चाकांचं आयुष्य अगदी असं असतं. गाडी ओढायची त्यांनी, वळवायची त्यांनी, ब्रेक दाबला की भाराचा मोठा वाटा झेलायचा तोही त्यांनीच. वर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही त्यांच्याच डोक्यावर, म्हणजे गाडीच्या वजनातला साठ टक्क्यांच्या आसपास हिस्सा पुढे. मागची चाकं वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती सोबत चालतात. आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक सगळ्या हॅचबॅक अशाच: स्विफ्ट, बलेनो, आय20, पोलो. ऑफिस ते घर या ट्रॅफिकमध्ये याचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो घाटात. त्यातही पाऊस असेल तर फारच लवकर.

मी काही ऑटो जर्नलिस्ट नाही. मी लिहिते ते खाणं, घरभाडं, नवी नाटकं आणि जुन्या बेकऱ्या यांच्यावर. सस्पेन्शन या विषयाशी माझी ओळख झाली ती आईच्या पाठीमुळे.

105 घोडे आणि एक पाठ

आई-आप्पा वाईला असतात. मी पुण्यात, कोथरूडला, वन आरकेमध्ये. आईच्या मणक्याचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि पुढे दर पंधरा दिवसांनी फॉलोअप सुरू झाला. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, 31 वर्षं. लाल डब्याबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपत नाही. पण पहिल्या फॉलोअपहून परत आल्यावर तेच म्हणाले, 'हिला आता एसटी नको. मागच्या शिटावर बसली की प्रत्येक खड्डा मणक्यात जातोय.'

म्हणून गाडी घ्यायची ठरली. सेकंडहॅण्ड, कारण फ्रीलान्सरला बँक ज्या नजरेने बघते ती नजर तुम्हाला माहीत असेल. आणि आता खरं सांगायचं तर नुसती आईसाठी घ्यायची असती, तर मऊ, शहाणी, पांढरी सेडान घेतली असती. पण मला गाडी चालवायला आवडते. खूप आवडते. ते वेड आप्पांकडूनच आलंय. त्यामुळे नजर गेली ती 2015 च्या पोलो जीटी टीएसआयवर. चाकणला बनलेली. इंजिन जेमतेम 1.2 लीटरचं, पण टर्बो असल्यामुळे 105 पीएस ताकद आणि 175 एनएम टॉर्क. 2013 मध्ये ही गाडी आली तेव्हा आमच्या कॉलेजच्या पोरांनी तिचे फोटो वॉलपेपर म्हणून लावले होते. 2022 मध्ये पोलोच भारतात बंद झाली, तेव्हा आता मिळेल ती सेकंडहॅण्डच.

ही गाडी 'बसलेली' होती. म्हणजे आधीच्या मालकाने तिच्या स्प्रिंगा कापून ती खाली आणली होती. चाक आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटं अंतर. दिसायला एकदम सॉलिड! अंतर डोळ्यांना दिसत होतं, म्हणूनच किंमत बाजारभावापेक्षा 60 हजारांनी कमी होती. स्प्रिंगा बदलायचा खर्च धरूनही हिशोब माझ्या बाजूने होता. पहिल्या पेमेंटचा चेक आला की काम करून घ्यायचं, असं ठरवून मी गाडी घेतली.

चेक यायचा होता ऑगस्टमध्ये. पाऊस जूनमध्ये आला.

'वळायचा इचार करती'

जुलैत एका रविवारी आप्पांना घेऊन पाचगणीला निघाले. वाईहून वर जाणारा पसरणीचा घाट आप्पांच्या अंगात मुरलेला आहे. कुठल्या वळणावर पाणी वाहतं, कुठे डांबराला ठिगळ आहे, सगळं पाठ. मी शांतपणे चालवत होते, काटा 35 च्या आसपास. एका डाव्या वळणात, अगदी मधोमध, ठिगळाचा एक उंचवटा आला. पुढून 'ठक्' असा आवाज झाला आणि गाडीने वळायचं सोडून दिलं. स्टेअरिंग डावीकडे, गाडी निघाली सरळ. डॅशबोर्डवर ईएसपीचा पिवळा दिवा लुकलुकला. समोर, उजव्या बाजूला, दरीकडचा कठडा.

'पाय काढ. हळू,' आप्पा म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता.

मी ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलला. पुढची चाकं पुन्हा रस्त्याला लागली, गाडी वळली. वरून एखादी बस येत असती तर काय, याचा विचार आम्ही दोघांनीही मोठ्याने केला नाही. पाचगणीत चहा पिताना आप्पा एवढंच बोलले, 'ही गाडी वळत न्हाई गं. वळायचा इचार करती. तुझ्या आईला हिच्यात बसवायची न्हाई.'

झालं. ज्या कारणासाठी गाडी घेतली तेच रद्द. पुढचा फॉलोअप दहा दिवसांवर होता. आई भाड्याच्या गाडीने आली. मी माझी गाडी कोथरूडला लावून ठेवली आणि गाडी वळते म्हणजे नेमकं काय होतं, हे शोधायला लागले.

पगार एकच, खर्च दोन

पुढूनच ओढायचं आणि पुढूनच वळायचं, हा काही मोटारवाल्यांचा शोध नव्हे. आपली बैलगाडी तशीच चालते. चढावर बैल जीव तोडून ओढत असताना त्याला वळवून बघा. ओढण्यात ताकद चालली असेल तर वळण्यासाठी ती कुठून आणणार?

मोटारीत हा प्रकार घराघरांत पोचवला तो मिनीने. 1959 मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी जागा वाचवण्यासाठी इंजिन आडवं ठेवलं आणि चालना पुढच्या चाकांना दिली. गाडीची लांबी फक्त 10 फूट, तरी आत चार माणसं. आज आपण चालवतो त्या बहुतेक हॅचबॅकचा आराखडा हाच. गंमत म्हणजे या पिटुकल्या गाडीने 1964, 1965 आणि 1967 मध्ये मॉण्टे कार्लो रॅली जिंकली. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वेगातही वळू शकते, हे जगाला तिथे पटलं. मग 1976 मध्ये गोल्फ जीटीआय बाजारात आली, 110 पीएसची. 1984 मध्ये प्यूजो 205 जीटीआय आली आणि 'हॉट हॅचबॅक' हा शब्द रुजला.

या सगळ्या गाड्यांचा फंडा समजून घ्यायचा असेल, तर टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ठरलेला. त्यातून दोन खर्च भागवायचे: एक वळण्याचा, दुसरा ओढण्याचा किंवा ब्रेकचा. एका खर्चावर जास्त गेले की दुसऱ्याला कमी उरतात. वळणात ॲक्सिलरेटर दाबला की पगार ओढण्यावर जातो, वळायला पैसे उरत नाहीत आणि गाडी बाहेरच्या बाजूला घसरत जाते. याला म्हणतात अंडरस्टिअर. अशा वेळी हात आपोआप स्टेअरिंग आणखी फिरवतात. पण पगार संपल्यावर क्रेडिट कार्ड घासून महिना सुधारत नाही, तसंच हे. टायरकडे आणखी मागितल्याने ते आणखी देत नाही. उपाय एकच, खर्च कमी करा. पाय हळू उचला. ओढण्याचा खर्च थांबतो, शिवाय गाडीचं वजन थोडं पुढे येतं आणि पुढच्या टायरांना पकड मिळते. आप्पांनी सांगितलं ते हेच. त्यांनी आयुष्यभर चालवली मागच्या चाकांवर पळणारी बस, पण वजन कुठे जातं हे त्यांच्या बुडाला कळतं.

'हळू' हा शब्द मात्र महत्त्वाचा. वळणात वेगात असताना पाय झटकन काढला तर वजन एकदम पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपूट बाहेर निघते. 205 जीटीआय यासाठी जगभर प्रसिद्ध होती. कसलेले ड्रायव्हर त्याचा उपयोग करून गाडी वळवायचे, बाकीचे शेतात जायचे. मिनी चालवणारे फिनलंडचे रॅली ड्रायव्हर तर डाव्या पायाने ब्रेक मारत आणि उजव्याने ॲक्सिलरेटर दाबून ठेवत मागची बाजू मुद्दाम सैल करायचे. हे वाचायला छान आहे. पसरणीच्या घाटात करायचं नाही.

दोन बोटांची किंमत

हे सगळं कळलं तरी माझा प्रश्न शिल्लक होता. 35 च्या वेगाला पगार संपायचं कारण काय? उत्तर मिळालं नाना पेठेत. स्पेअर पार्ट्सच्या दुकानांमागच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये एक काका आहेत. वय साठीच्या आसपास, चष्म्याला दोरी. मी 'काका, स्प्रिंगा बदलायच्यात' म्हटल्यावर त्यांनी आधी गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर.

'शॉकअप मेलेत, ताई. आणि आत जागाच नाही उरलेली. या, दाखवतो.'

गाडी वर चढली, चाक निघालं. स्प्रिंगचं वरचं टोक करवतीने कापलेलं स्वच्छ दिसत होतं. काकांनी जे समजावलं ते असं. स्प्रिंगचं वेटोळं कापलं की ती आखूड होते आणि कडकही होते. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं, तर कडकपणा सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. पण शॉकअप जुनाच. स्प्रिंगची उसळी आवरणं हे शॉकअपचं काम. जो शॉकअप एका स्प्रिंगसाठी बनवला, त्याच्या गळ्यात त्याहून कडक स्प्रिंग मारली की तो दमतो आणि लवकर मरतो. गाडी खड्ड्यानंतर नाचत राहते. नाचणारं चाक अर्धा वेळ रस्त्यावर नीट टेकलेलंच नसतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे. गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला उरलेली जागा कमी झाली. जागा संपली की शॉकअपच्या दांड्यावरचं रबर आडवं येतं, बम्पस्टॉप म्हणतात ते. त्याच्यावर आदळल्या क्षणी सस्पेन्शन संपतं. वळणात गाडी आधीच बाहेरच्या चाकावर कललेली असते, त्यात उंचवटा आला की 'ठक्'. त्या एका क्षणात बाहेरच्या पुढच्या टायरवर वजनाचा धपाटा बसतो आणि पकड सुटते. माझ्या घाटातल्या 'ठक्'चं भाषांतर हे होतं.

'पण काका, गाडी खाली असली की वळणात कमी कलते ना?'

काकांनी खडूने जमिनीवर चित्र काढलं. पोलोसारख्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म बाहेरच्या टोकाला जरा खाली झुकलेला हवा. गाडी जास्त बसवली की तो आडवा होतो, मग उलट्या बाजूला वर जातो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू त्यामुळे गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. म्हणजे तरफ लांबते. गाडी दिसायला बुटकी होते, पण वळणात कलण्याची तिची ओढ कमी होत नाही, उलट वाढू शकते. शिवाय चाकांचा कोन बिघडतो. माझे पुढचे दोन्ही टायर बाहेरून नव्यासारखे आणि आतल्या कडेने गोट्यासारखे गुळगुळीत होते. कापलेल्या स्प्रिंगेचा आणखी एक धोका: चाक पूर्ण खाली लोंबलं की आखूड स्प्रिंग तिच्या वाटीतून सुटू शकते.

दोन बोटांच्या स्टाइलसाठी एवढं सगळं. गाडी स्टॅण्डवर उभी असताना काय दिसते!

मागच्यांना कामाला लावा

आता माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. स्प्रिंगा बदलायच्याच आहेत, तर नुसत्या पहिल्यासारख्या कशाला? थोडी चांगली वळणारी गाडी का करू नये? रात्र रात्र वाचून मला कळलं होतं की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला वळायला शिकवायचं तर काम करायचं मागे.

हे ऐकायला उलटं वाटतं, पण तर्क सोपा आहे. वळणात गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. एकूण किती सरकणार हे वेग, वळण, गाडीची उंची आणि रुंदी यांवर ठरतं. ते स्प्रिंगांच्या हातात नाही. आपण फक्त वाटणी ठरवू शकतो: त्यातलं किती पुढच्या जोडीने झेलायचं आणि किती मागच्या. जी बाजू जास्त कडक, ती जास्त झेलते. आणि टायरवर दुप्पट वजन टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून जी जोडी जास्त सरकलेलं वजन झेलते, तिची एकूण पकड घटते. मग मागची बाजू कडक केली की मागची पकड जरा घटते, पुढच्यांचं ओझं हलकं होतं आणि गाडी नाक आत घालून वळते. ऑफिसच्या भाषेत, चहा पीत बसलेल्यांना कामाला लावायचं! जुन्या गोल्फ जीटीआयचे रेसट्रॅकवरचे फोटो बघा. वळणात आतलं मागचं चाक चक्क हवेत. विजेच्या खांबापाशी थांबलेल्या कुत्र्यासारखं.

मोठ्या कंपन्यांनी तर यात कमाल केलीय. ताकद वाढली की पुढच्या चाकांचा आणखी एक रोग निघतो, टॉर्क स्टिअर. ॲक्सिलरेटर दाबला की स्टेअरिंग हातातून एका बाजूला ओढतं. 2009 च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये 300 हून जास्त पीएस पुढच्या दोनच चाकांवर जायचे. ते झेपावेत म्हणून फोर्डने स्ट्रट आणि वळणारा सांधा वेगळे केले. रेनॉने मेगान आरएसमध्ये आणि होंडाने सिव्हिक टाइप आरमध्ये त्याच विचाराची आपापली रचना केली. त्याला जोड लिमिटेड स्लिप डिफरन्शियलची, म्हणजे आतलं हलकं चाक नुसतं फिरत बसलं तर ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा. 2023 मध्ये सिव्हिक टाइप आरने जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगची 20.832 किलोमीटरची फेरी 7 मिनिटं 44.881 सेकंदांत मारली. फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर. इसिगोनिसना हे बघायला मिळायला हवं होतं.

तर मी काकांना म्हटलं, 'मागे जाड स्टॅबिलायझर बार टाकू या का? आणि जरा कडक शॉकअप?'

काकांनी चष्मा वर केला. 'गाडीत बसणार कोण?'

'मी. आणि आई. मणक्याचं ऑपरेशन झालंय तिचं.'

'आई बसणार कुठं?'

'मागे.'

ते पुढे काही बोललेच नाहीत, पाना पुसत राहिले. मलाच कळायचं ते कळलं. मागची बाजू कडक करायची म्हणजे माझ्या वळणाची मजा आईच्या मणक्यातून वसूल करायची. आणि ओल्या घाटात, घाबरून कोणी पाय झटकन काढला, तर सैल झालेली मागची बाजू आधी निघणार. ट्रॅकवर जो गुण, तोच आपल्या घाटात अवगुण. कंपनीचे इंजिनिअर गाडीला थोडं अंडरस्टिअर मुद्दाम ठेवतात ते यासाठीच. घाबरलेला माणूस पाय काढतो, आणि पाय काढल्यावर अंडरस्टिअर कमी होतं.

कायद्याचाही भाग आहेच. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत मन मानेल तसे बदल करायला परवानगी देत नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेला सोडून केलेल्या बदलांविरुद्ध निकाल दिला. अपघात झाला तर विमा कंपनी कुठे बोट ठेवेल, हे सांगायला नको. कापलेली स्प्रिंग म्हणजे त्यांना आयतं बोट ठेवायची जागा.

जे होतं तेच, पण नीट

शेवटी काय केलं? जे चाकणहून निघाली तेव्हा गाडीत होतं, तेच सगळं नवं बसवलं. चारही मूळ मापाच्या स्प्रिंगा. चारही शॉकअप, जोडीने, कारण एकच बदलला तर गाडी एका पायाने लंगडते. नवे बम्पस्टॉप, पुढचे स्ट्रट माउंट. खालच्या आर्मचे बुश, कारण ते फाटलेले असले तर चाकांचा कोन कितीही मोजून लावा, ब्रेक मारला की पुन्हा हलणार. मग चार नवे टायर आणि सगळ्यात शेवटी व्हील अलाइनमेंट. पोलोच्या मागे टॉर्शन बीम असतो, दोन्ही चाकांना जोडणारा पिळला जाणारा दांडा. तो स्वतःच स्टॅबिलायझरचं काम करतो, त्यामुळे तो वाकलेला नाही ना एवढं काकांनी दोरी लावून तपासलं. टायर सोडून खर्च 45 हजारांच्या आसपास. ऑगस्टचा चेक आला तसा गेला. दिवाळीचे कपडे रद्द.

आणि हो, एक ट्यूनिंग फुकटात झालं. आधीच्या मालकाच्या सवयीने चारही टायरांत सरसकट जास्त हवा होती. काकांनी दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा दाखवला. 'इंजिनिअरनं लिहून ठेवलंय. वाचा की.' थंड टायरमध्ये, किती माणसं बसणार ते बघून, स्टिकरप्रमाणे हवा. सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन टायरातली हवाच आहे, पण ती पेट्रोल पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडून आपण मोबाइल बघत बसतो.

गाडी बाहेर काढली तेव्हा ती जरा लांबट, साधी, घरंदाज दिसत होती. सोसायटीतला एक पोरगा म्हणाला, 'दीदी, लूक गेला.' गेला तर गेला. पहिल्याच स्पीडब्रेकरवर कळलं की काय आलंय. चाक वर गेलं, खाली आलं, संपलं. दुसरा झोका नाही. आणि वळणात? गाडी पहिल्यापेक्षा दीड इंच उंच होती, पण स्टेअरिंग फिरवलं तिथे नाक जात होतं. मऊ असूनही नेमकी. मला वाटायचं कडक म्हणजे स्पोर्टी. पण रस्त्यावरचा खड्डा गिळूनही जे चाक जमिनीला चिकटून राहतं, तेच वळतं. खराब रस्त्यावर मऊपणा आणि पकड एकमेकांचे शत्रू नसतात. आपल्याकडे रस्ते खराबच असतात, तेव्हा हिशोब सरळ आहे.

आप्पांची टेस्ट झाली त्याच घाटात, सप्टेंबरच्या पावसात. त्या डाव्या वळणापाशी ते पुढे सरकून बसले. ठिगळ आलं, गाडी किंचित दबली, वळली, पुढे गेली. आप्पा पुन्हा मागे टेकून बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. काही बोलले नाहीत. बस रिकामी आणून डेपोत लावल्यावर ते असेच गप्प असायचे.

आईची टेस्ट वेगळी. ती मागे डाव्या बाजूला, पाठीशी उशी, बेल्ट लावून बसली. सुरूर फाट्यापर्यंत तिने पुढच्या सीटचं हॅण्डल घट्ट धरलं होतं. मला आरशात तिची बोटं दिसत होती. खंबाटकीच्या बोगद्यानंतर एक हात सुटला. शिरवळच्या पुढे दुसरा. कात्रजच्या बोगद्यात दिवे अंगावर आले तेव्हा ती जागी झाली आणि म्हणाली, 'आलं पण पुणं?' ऑपरेशननंतर गाडीत तिला झोप लागलेली ती पहिलीच वेळ.

घेणार असाल तर...

पोलो गेली. फिएस्टा एसटी आणि मेगान आरएस 2023 मध्ये संपल्या. आपल्याकडे अलीकडच्या काळात मोजकेच पर्याय आले: 2021 मध्ये आलेली आय20 एन लाइन, 2024 ची अल्ट्रोझ रेसर, आणि खिसा फार खोल असेल तर 2025 मध्ये भारतात आलेली गोल्फ जीटीआय. बाकी आपल्यासारख्यांनी सेकंडहॅण्ड बाजार धुंडाळायचा. तिथे भेटणाऱ्या प्रत्येक पळणाऱ्या हॅचबॅकला कोणीतरी हौशी मालक भेटून गेलेला असतो, हे धरून चाला. बॉनेट उघडण्याआधी चाकाजवळ वाका. मडगार्डचं अंतर चारही बाजूंना सारखं आहे का? टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. कोपरा दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. खराब रस्त्यावर खिडक्या खाली करून, गाणी बंद करून चालवा. 'ठक्' ऐकू येतं का बघा. इंजिनाची ताकद सगळेच विचारतात. वळणात काय होतं, ते विचारणारं गिऱ्हाईक फार कमी भेटतं, असं काका म्हणतात.

आईचे फॉलोअप आता महिन्यातून एकदा. डॉक्टर खूश आहेत. आप्पांनी गाडीला अजून 'चांगली' म्हटलेलं नाही आणि म्हणतील अशी आशाही नाही. पण परवा फोन ठेवता ठेवता म्हणाले, 'शनवारी येताना टायरातली हवा बघून ये. घाटात पाऊस लागलाय.'